दहा वर्षांची वॉरंटी नेमकी कशाची?

दसरा-दिवाळीला बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीच्या बाजारात फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानांत गर्दी असते. दुकानदार किंमत सांगतो, महिन्याचा हप्ता सांगतो आणि शेवटी म्हणतो, "दहा वर्षं बघायचं काम नाही." दोन-तीन वर्षांनी मेकॅनिक दारात येतो आणि जाताना बिल ठेवून जातो. मग घरात वाद होतो की फसवलं कोणी?

बहुतेक वेळा कागदोपत्री फसवणूक झालेली नसते. दुकानदार तोंडी जेवढं सांगतो, त्यापेक्षा वॉरंटी कार्ड कमी देतं. पण कार्डावर जेवढं छापलेलं असतं, त्यापेक्षा कायदा जास्त देतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. या दोन्ही बाजूंचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं खर्च नाही.

वस्तुस्थिती : ही दहा वर्षं बहुधा एकाच भागाची असतात. फ्रीजमध्ये कंप्रेसरची, वॉशिंग मशीनमध्ये मोटरची. बाकीच्या यंत्राला साधारण एक-दोन वर्षं मिळतात. गिझरमध्ये टाकीची मुदत वेगळी आणि आतल्या कॉइलची वेगळी. दार, काच, रबर, प्लॅस्टिकचे भाग आणि बल्ब यांना बहुतेक कार्डांत पहिल्या दिवसापासूनच वगळलेलं असतं. आरओच्या कँडल आणि मेम्ब्रेन या झिजणाऱ्या वस्तू म्हणून बाजूला काढलेल्या असतात.

समजा, चौथ्या वर्षी कंप्रेसर खरंच गेला. नवा कंप्रेसर फुकट मिळेल. पण गॅस भरणं, वेल्डिंग, मजुरी, ने-आण यांचे पैसे बहुतेक कार्डांनुसार ग्राहकाने द्यायचे असतात आणि त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय फ्रीज गार होत नाही याचा अर्थ दर वेळी कंप्रेसर गेला असा नसतो. रिले, थर्मोस्टॅट, पंखा किंवा इलेक्ट्रॉनिक कार्डही गेलेलं असू शकतं. ते 'दहा वर्षांत' येत नाही.

गैरसमज २ : वस्तू वापरायला काढली की वॉरंटी सुरू होते.

वस्तुस्थिती : वॉरंटी बिलावरच्या तारखेपासून मोजली जाते. खोकं उघडलं की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. आपल्या जिल्ह्यात याचा फटका सर्वांत जास्त ऊसतोड कुटुंबांना बसतो. दिवाळीच्या सुमारास वस्तू घरात येते, मग घराला कुलूप लागतं आणि कोयता घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. एक वर्षाच्या वॉरंटीतले पाच-सहा महिने बंद घरात संपलेले असतात. त्यात उंदरांनी वायर कुरतडली तर ते नुकसानही कार्डात बसत नाही.

दुरुस्तीत गेलेले दिवसही सहसा वाढवून मिळत नाहीत. बदललेल्या भागाला मूळ मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काढलेल्या निर्देशात कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने दुरुस्ती स्वीकारली तर हमी एक वर्षाने वाढवण्याची तरतूद आहे. आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून हंगामाला जाणाऱ्या घरांनी मोठी खरेदी परत आल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर केलेली बरी. सणाची सवलत थोडी हुकेल, पण वॉरंटी पूर्ण वापरता येईल.

गैरसमज ३ : वॉरंटीत कंपनीचा माणूस कुठंही फुकट येतो.

वस्तुस्थिती : बऱ्याच कार्डांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट असते. सेवा केंद्र ज्या शहरात आहे, त्याच्या हद्दीबाहेर जायचं असेल तर प्रवासखर्च ग्राहकाचा. पुण्या-मुंबईत या अटीकडे कुणी पाहतही नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडच्या वाडी-वस्तीवर मात्र तीच महागात पडते. सेवा केंद्र बीडला असेल तर एक हिशोब, छत्रपती संभाजीनगरला असेल तर वेगळा. शिवाय पहिल्या फेरीत माणूस नुसतं पाहून जातो आणि भाग घेऊन दुसऱ्यांदा येतो. म्हणून तक्रार नोंदवतानाच विचारा : व्हिजिट चार्ज किती, दुसऱ्या फेरीचा वेगळा लागेल का आणि दुरुस्ती नको म्हटलं तर काय द्यावं लागेल?

तक्रारीसाठी नंबर कार्डावरचाच घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर भामट्याचा निघाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. आधी पैसे पाठवा किंवा मोबाइलवर अमुक ॲप टाका असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

गैरसमज ४ : विजेने किंवा पाण्याने बिघडलं तरी वॉरंटी आहेच.

वस्तुस्थिती : व्होल्टेजच्या चढ-उताराने झालेलं नुकसान जवळजवळ प्रत्येक कार्डात वगळलेलं असतं. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेल्या फ्रीजलाही व्होल्टेजची ठरावीक मर्यादा असते आणि त्याबाहेरचा झटका ग्राहकाच्या खात्यावर जातो. परळीला औष्णिक वीजकेंद्र असलेल्या जिल्ह्यात वस्तीवरचा दिवा संध्याकाळी मिणमिणतो, हे काही नवं नाही. अशा ठिकाणी स्टॅबिलायझरचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरावा. व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

बोअरच्या जड पाण्याचंही तसंच. गिझरच्या कॉइलवर आणि वॉशिंग मशीनच्या ड्रमवर क्षार साचून झालेला बिघाड 'देखभालीचा अभाव' या सदरात टाकला जातो.

गैरसमज ५ : जादा पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली की निर्धास्त.

वस्तुस्थिती : वाढीव वॉरंटी सहसा मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. अनेकदा ती यंत्र बनवणारी कंपनी देत नाही, तिसरीच संस्था देते. वगळलेल्या भागांची यादी तिथंही असते आणि भरपाईला वरची मर्यादा असते. हप्त्याने खरेदी करताना हिची रक्कम कधीकधी कर्जातच मिसळलेली असते. म्हणून सही करण्याआधी वस्तूची किंमत, प्रोसेसिंग फी आणि वाढीव वॉरंटी हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. वार्षिक देखभाल करारातही दोन प्रकार असतात. एकात सुटे भाग धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त भेट आणि मजुरी. स्वस्त असतो तो बहुधा दुसरा.

गैरसमज ६ : गावातल्या मेकॅनिकचा हात लागला की सगळे हक्क संपले.

वस्तुस्थिती : मुदत चालू असताना बाहेरच्या माणसाने यंत्र उघडलं तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, तशी अट कार्डात असते. तेव्हा मुदतीत हा धोका घेऊ नये. पण ही अट प्रश्न विचारण्यापलीकडची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच हातात ठेवल्याबद्दल दंड केला. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. वाद पुढे अपिलात गेला आणि तो निर्णय गाड्यांपुरता होता, तरी दिशा स्पष्ट झाली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणांचाही समावेश आहे.

मुदत संपल्यावर मात्र ओळखीचा मेकॅनिक अनेकदा परवडतो. फक्त आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. फ्रीजच्या लेबलवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. ते वाचून, मोजून भरणाराच मेकॅनिक बोलवा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

गैरसमज ७ : पक्क्या बिलाला जीएसटी जादा पडतो, कच्ची पावती बरी.

वस्तुस्थिती : छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. बिलाला वेगळा कर मागणं चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मॉडेल नंबर आणि यंत्राचा सीरियल नंबर हवा. त्यांच्याशिवाय वॉरंटीचं भांडण पहिल्याच फोनवर हरतो.

गैरसमज ८ : विकलेला माल परत नाही, आणि कोर्टकचेरी गरिबाला परवडत नाही.

वस्तुस्थिती : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीदेखील अनुचित प्रथाच आहे. वारंवार दुरुस्ती करूनही दोष राहिला तर ग्राहक आयोग वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो.

पहिली पायरी फुकट आहे : १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार करता येते. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की चेन्नईत, ग्राहक जिथं राहतो तिथंच, म्हणजे बीडला, तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पोट भरण्यासाठी टपरी किंवा रसवंती चालवणाऱ्याचा फ्रीज 'व्यावसायिक वापर' म्हणून कंपनी नाकारते. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानातच तीन गोष्टी करा. वॉरंटी कार्डावर काय वगळलंय ते पैसे देण्याआधी वाचा किंवा घरातल्या शिकत्या पोराला वाचायला लावा. आपल्या गावापर्यंत माणूस येईल का आणि कितीला, हे बिलामागे लिहून घ्या. बिल आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण छपाईची शाई वर्षभरात पुसट होते. तोंडी आश्वासन देणारा दुकानदार ते लिहून द्यायला तयार नसेल, तर शेजारचं दुकान गाठा.