हौस करावी, पण पारखून



लागणीची सरी, बेण्याची निवड, खताचा हप्ता, साखरेचा उतारा यांवर आपल्या वार्तापत्रात आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु उसाचे बिल घरात आल्यावर त्या पैशाला पुढे कोणत्या वाटा फुटतात, यावर फारसे कोणी लिहीत नाही. सोसायटीचे कर्ज बिलातूनच वळते होते. दुकानदाराची उधारी भागते. पोरांच्या फीचे पैसे बाजूला काढले जातात. मग जे काही चार पैसे उरतात, त्यांतून घराची हौस निघते. धन्याला नवी कोल्हापुरी, लेकीच्या लग्नात साज, म्हातारीला इरकल लुगडे आणि सणाला पुरणाची पोळी. या अंकात आम्ही त्या उरलेल्या चार पैशांबद्दल बोलणार आहोत.

हौस म्हटली की आपल्यातली काही जाणती मंडळी नाक मुरडतात. ऋण काढून सण करू नये, हे त्यांचे म्हणणे आम्हांलाही मान्य आहे. पण वर्षभर चिखलात राबणाऱ्या माणसाने चार चौघांत नीटनेटके दिसावे, घरी गोडधोड करून पाहुण्याला आग्रह करावा, यात गैर काहीच नाही. आमचे सांगणे एवढेच की हौस करताना वस्तू पारखावी, आणि आपला रुपया कोणाच्या हातात जातो तेही पाहावे. आपल्या हौसेच्या वस्तू बनवणारे बहुतेक हात आपल्याच मुलुखातले आहेत. आपला ऊस पिकतो तसे त्यांचे कसब पिकते. आपण नकली वस्तू घेतली तर आपलेही नुकसान आणि त्यांचेही.

पायातली हौस

करकर वाजणारी कोल्हापुरी घालून मंडळी यात्रेला निघाली की लांबूनच कळते. ही चप्पल काही एका कोल्हापूर शहराची नव्हे. तिला जे भौगोलिक मानांकन आहे, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. कागल तालुक्यातल्या कापशीचे नाव तर चपलेच्या एका जातीलाच पडले आहे.

खरी कोल्हापुरी तयार होते ती सावकाशीने. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावतात. मग तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा असे भाग कापतात. हे सगळे चामड्याच्या वादीने शिवलेले असते, त्यात खिळा नसतो. वरची बारीक वेणी वळण्याचे काम बहुधा घरातल्या बायका करतात. म्हणजे दुकानात जोड एका माणसाच्या नावाने विकला गेला, तरी त्यात साऱ्या घराचे कष्ट असतात.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे गलका झाला. पुढे ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आपल्या सगळ्यांची छाती फुगली, ते ठीकच झाले. पण परदेशी कंपनीने नाव घेतले नाही म्हणून रागावणारे आपण स्वतः बाजारात काय घेतो? रेक्झिनचा पट्टा, रबराचा तळ आणि वर 'अस्सल कोल्हापुरी'ची चिठ्ठी! स्वस्त मिळाली म्हणून आपण खूश होतो. एका पावसाळ्यात तळ सुटतो आणि पुन्हा नवा जोड येतो.

पारख अवघड नाही. चप्पल उलटी करून तळ बघा. वादीची शिवण दिसली पाहिजे. नुसता डिंक आणि खिळे असतील तर पुढच्या दुकानी जा. खरी चप्पल पहिले काही दिवस पाय चावते, मग पायाच्याच आकाराची होऊन बसते. तिला अधूनमधून तेल द्यावे आणि पावसात ती घालू नये. कातडे महाग झाले, पोरे धंद्यात राहीनात, असे कारागीर सांगतात. एक जुना कारागीर आम्हांला म्हणाला, "साहेब, भाव पाडून मागनारं गिऱ्हाइक रोज येतंय. शिवण बघनारं महिन्यात एखादं."

गळ्यातली हौस

आपल्याकडच्या बायकांची खरी हौस म्हणजे कोल्हापुरी साज. पुऱ्या साजाला २१ पाने, असा जुना हिशेब आहे. दशावताराची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूची २ आणि शेवटचे डोरले. मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ, बेलपान, नाग असे एकेक पान निरखून बघावे, म्हणजे सोनाराच्या हाताची कमाल कळते. हल्ली पुरा साज थोड्याच गळ्यांत दिसतो. कमी पानांचा चालतो.

२०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला. मग 'एक ग्रॅम सोन्याचा साज' बाजारात का खपणार नाही? तो मिरवायला झकास दिसतो, त्याला आमची ना नाही. पण तो पितळ-तांब्यावरचा मुलामा आहे हे ठाऊक असू द्यावे. नाही तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

खऱ्या साजातही एक खोच असते. त्याची पाने पातळ पत्र्याची असून आत लाख भरलेली असते. म्हणून तराजूत साज चढवल्यावर निव्वळ सोने किती आणि लाख किती, हे सोनाराला विचारून पावतीवर वेगळे लिहून घ्यावे. हॉलमार्क आहे का ते बघावे. २२ कॅरटला ९१६ हा आकडा असतो, आणि सोबत सहा अक्षर-आकड्यांची खूण असते. 'बीआयएस केअर' या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ती खूण घातली की दागिन्याची शुद्धता कळते. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांनी घरातल्या कॉलेजच्या पोराला सोबत न्यावे.

साज म्हणजे नुसती मिरवायची वस्तू नव्हे, हे आपल्या आयाबायांना पुरुषांपेक्षा जास्त कळते. आमच्या भागातल्या किती तरी विहिरी, किती तरी लागणी अशा सोन्यावर उभ्या राहिल्या. एक आजीबाई म्हणाल्या, "साज गेला सोनाराकडं, तवा हिरीला पानी लागलं. ऊस आला, पर साज न्हाई आला." या एका वाक्यापुढे आमचे सारे लिहिणे फिके आहे. सात-बारा धन्याच्या नावाचा, शेअरही बहुधा त्याच्याच नावाचा, आणि अडचण आली की पहिला उतरतो तो तिच्या गळ्यातला डाग! सभासद बंधूंनो, कायदा काय म्हणतो ते ऐका. लग्नात बाईला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन. सासरी ठेवायला दिले म्हणून ते नवऱ्याचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा गहाण टाकायची वेळ आलीच तर आधी तिला विचारा, आणि बिल आले की सोडवून आणण्याच्या यादीत तो डाग पहिला लिहा. ट्रॅक्टरची शोभा त्यानंतर.

अंगावरची हौस

इरकल लुगडे हे नाव आले ते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावावरून. अंग सुती आणि पदर रेशमी, अशी त्याची जुनी ठेवण. अंगाचे आणि पदराचे ताणे मागावर एकेक फासा घालून जोडतात. त्या पदराला तिकडे टोपे-तेनी म्हणतात. चोळीचा खण येतो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. ओटी भरताना आपण नारळासोबत जो खण ठेवतो, तो पुष्कळदा सीमेपलीकडच्या विणकराचे पोट भरत असतो. सीमावाद कोर्टात राहिला, खणाने तो कधीच मिटवला!

आता कॉलेजच्या मुली खणाचा ड्रेस, खणाची पर्स, खणाची साडी वापरू लागल्या आहेत. जुन्या बायका हसतात. आम्हांला मात्र आनंद वाटतो, कारण जी वस्तू नुसती ओटीपुरती उरली होती तिला नवे गिऱ्हाइक मिळाले. एवढे मात्र लक्षात ठेवावे की यंत्रमागावरचे, कृत्रिम धाग्याचे कापडही खण म्हणूनच विकले जाते. यंत्रमागाशी आमचे वैर नाही. इचलकरंजीची हजारो घरे त्यावर जगतात. पण यंत्रमागाच्या कापडाला हातमागाचा भाव देऊ नये. हातमागाच्या मालावर 'हँडलूम मार्क'ची खूण असते, ती विचारावी.

ताटातली हौस

आम्ही साखर कारखान्याची माणसे, तरी पुरणाला गूळच लागतो. हे सांगायला आम्हांला संकोच वाटत नाही. गूळ काय, साखर काय, दोन्ही उसाचीच लेकरे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चुलवाणावर काहील चढली, गुळव्याने भेंडीचे पाणी सोडले, मळी वर आली आणि ती काढून घेतली की रस निवळतो. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला गुळाचा खरा रंग ठाऊक असतो. तो तांबूस-सोनेरी असतो.

पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो. मग रंग उजळण्यासाठी हायड्रोस पावडर पडते, आणि काही ठिकाणी रसात चक्क साखरही मिसळतात. याला निम्मे जबाबदार आपण घेणारेच आहोत. रंगावर भुलू नये. खडा पाण्यात विरघळवून बघावा. खडूसारखा साका तळाला बसला तर तो गूळ पुन्हा घेऊ नये. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी 'गूळ चालतो' या भ्रमात राहू नये. गुळातही मुख्य भाग साखरेचाच असतो. हे साखर कारखान्याच्या पत्रकातून सांगतोय, म्हणजे खरे माना!

पोळीच्या दुसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा हवाच. त्याची तयारी उन्हाळ्यातच होते. वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायचा तर ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे गणित आपल्या बायकांना तोंडपाठ. मिरची उन्हात, कांदा-खोबरे तेलात आणि मग कांडपावर रांग. गल्लीतले चार घरांचे खाट झाले की साऱ्या गावाला शिंका. तयार पुडीतला लालभडक मसाला सोयीचा असेल, पण डोळ्यांदेखत कुटलेल्या मसाल्याची खात्री त्यात कुठून येणार? शिवाय त्या चार दिवसांत बायकांच्या ज्या गप्पा होतात, त्या कुठल्या पुडीत मिळतात?

सहकाराने हौस

आता थोडे कामाचे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत रास्त भावाचे पैसे मिळावेत असा नियम आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा दर केंद्राने ठरवला. पैसा हातात येतो आणि पाठोपाठ लग्नसराई येते. घाईत घेतलेली वस्तू हमखास फसवते. म्हणून आमची सूचना अशी की बिल जमा होण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, बाईमाणसासह, एकत्र बसून हौसेची यादी करावी. कर्ज काढून घ्यायची वस्तू त्या यादीत नको.

दुसरे असे की, दहा घरांनी मिळून कारागिराकडे जावे. पायांची मापे द्यावीत, थोडा विसार द्यावा, आणि गणपतीला हवी असलेली चप्पल उन्हाळ्यातच सांगावी. कारागिराला कातड्याला पैसा मिळतो, आपल्याला मधल्या दुकानदाराचा नफा वाचतो. बचत गटाच्या भगिनींनी खण-लुगडी, गूळ, मिरची याच रीतीने आणावी. एकट्या शेतकऱ्याला गाळपाचे यंत्र परवडत नव्हते म्हणून आपण शेअर गोळा केले आणि कारखाना उभारला. तीच युक्ती चपलेच्या जोडाला आणि मिरचीच्या पोत्यालाही लागू पडते.

घासाघीस जरूर करावी, ती आपली जुनी खोड आहे. पण आपल्या उसाला कोणी पाडून भाव मागितला की आपल्याला कसे वाटते, ते एकदा आठवावे आणि मगच समोरच्या कारागिराला भाव सांगावा.