नव्या खताची पारख : आधी ‘फरक नाही’ असे धरा

नवे खत दिलेल्या वाफ्यातील ज्वारीची कणसे भरदार दिसली, की ‘खताचा गुण आला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु तो वाफा उताराच्या खालच्या अंगाला असेल, तेथे गाळ साचला असेल, ओल अधिक टिकली असेल. मग ते पीक खताचे की जमिनीचे? आम्ही अधिकारी मंडळीही प्रात्यक्षिकासाठी विहिरीजवळचा चांगला तुकडाच निवडतो, हे येथे कबूल केलेले बरे.

इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेले रोनाल्ड फिशर यांनी या पेचातून वाट काढली. प्रयोगाच्या आरंभी ‘या खताने उत्पन्नात काहीच फरक पडत नाही’ असे धरावयाचे. या विधानास त्यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात शून्य परिकल्पना म्हटले. ‘खताने उत्पन्न वाढते’ ही तिच्यासमोरची पर्यायी परिकल्पना होय.

समजा, शेतात आठ ठिकाणी दोन-दोन सारखे वाफे शेजारी आखले. प्रत्येक जोडीत नवे खत कोणत्या वाफ्यास द्यावयाचे, ते नाणे उडवून ठरविले. बियाणे, पाणी, खुरपणी सर्व एकसारखे. मळणीनंतर वजन केले, तो सहा जोड्यांत खताचा वाफा सरस! गावात कोणीही म्हणेल, खत उत्तम. पण हिशेब पाहावा. आठ वेळा नाणे उडविले असता सारख्याच संभवाचे २५६ प्रकार होतात आणि त्यांपैकी ३७ प्रकारांत सहा किंवा अधिक वेळा छाप पडते. म्हणजे खत अगदी निरुपयोगी असले, तरी सुमारे सात प्रयोगांतून एकात असा देखावा दिसणारच. एवढ्यावर कर्ज काढून पोती आणणे धोक्याचे आहे. सात किंवा अधिक जोड्या सरस ठरण्याचे प्रकार मात्र ९ च, म्हणजे शेकडा साडेतीन. शेकडा पाचांहून कमी संभव असल्यास शून्य परिकल्पना सोडावी, असा प्रघात आहे.

सहाच जोड्या सरस ठरल्या म्हणून खत निरुपयोगी ठरले, असेही नव्हे. पुरावा अपुरा पडला, इतकेच. पुढील हंगामात अधिक जोड्या घेऊन पुन्हा पाहावे. वजनातील फरक किती, हेही हिशेबात धरण्याची रीत पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथात दिली आहे.

किती जोड्या सरस ठरल्यास खत मान्य करावयाचे, तो आकडा ग्रामसेवकांनी पेरणीपूर्वीच शेतकऱ्यासमक्ष वहीत लिहून ठेवावा. पीक डोळ्यांपुढे डोलू लागले, की तो आकडा खाली सरकविण्याचा मोह होतो.