एका दिवसाचे ग्वाल्हेर

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे ग्वाल्हेरशी काही ना काही नाते असते. कोणाची आत्या तेथे दिलेली असते, कोणाचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, तर कोणाकडे शिंदेशाहीतल्या एखाद्या सनदेची जीर्ण नक्कल जपून ठेवलेली असते. असे असूनही ग्वाल्हेर स्वस्थपणे पाहिलेली माणसे मला फार थोडी भेटली. लग्नामुंजीसाठी जावयाचे, कार्य आटोपले की परतीच्या गाडीपर्यंत जो एक दिवस उरतो, त्यात रिक्षा ठरवून चालकाला ''सगळे दाखव'' म्हणून सांगावयाचे, हीच बहुतेकांची रीत. ती माझीही होती.

१९९८ च्या डिसेंबरात एका नातलगाच्या लग्नासाठी आम्ही इंदूरहून ग्वाल्हेरला गेलो होतो. लग्न झाले आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचा दिवस मोकळा मिळाला. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, पोस्टातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. स्वतःसाठी काही मागण्याची सवय त्यांना नव्हती. त्या सकाळी मात्र चहाचा पेला खाली ठेवीत ते म्हणाले, ''झाशीच्या राणीची समाधी तेवढी पाहू या रे.'' या समाधीवर भा. रा. तांबे यांनी लिहिलेली कविता नानांना लहानपणापासून मुखोद्गत होती. मी म्हटले, ''समाधी फुलबागेत आहे, स्टेशनच्या अगदी जवळ. ती शेवटी करू, म्हणजे उगाच हेलपाटा नको.'' हिशेब बिनचूक होता. फक्त तो पार पडला नाही. राजवाड्यात दोन तास गेले, बाजारात बायकामंडळींचे साड्यांचे दुकान सुटेना, किल्ल्यावरून उतरता उतरता अंधार झाला आणि वाटेत रस्ता तुंबलेला. गाडीत जागा मिळवून सामान लावल्यावर नाना म्हणाले, ''असू दे. पुढच्या खेपेस पाहू.'' २००१ च्या पावसाळ्यात नाना गेले.

त्यानंतर मी चार वेळा ग्वाल्हेरला गेलो. दोनदा एकटा, दोनदा शाळेची सहल घेऊन. त्या फेऱ्यांतून माझ्यापुरता एक क्रम ठरला आहे. तो कोणी पाळलाच पाहिजे असा आग्रह नाही.

सकाळी गाडीतून उतरलात की सामान स्टेशनवरच ठेवावे आणि प्रथम समाधीवर जावे. फुलबागेतील हे स्थान साधे आहे. एक चौथरा आणि मागे घोड्यावर स्वार झालेल्या राणीचा पुतळा. जवळच गंगादासाची मोठी शाळा आहे. जखमी राणीला तेथील साधूंच्या आश्रयाला नेले होते. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले आणि जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले. जून संपण्यापूर्वीच कोटा की सराय येथील लढाईत राणीला वीरमरण आले व शहर इंग्रजांच्या हाती पडले. कवी तांबे यांचा जन्म १८७३ मध्ये मुंगावलीचा आणि १९४१ मध्ये त्यांनी देह ठेवला तो ग्वाल्हेरातच. तेव्हा त्या कवितेतली जागा पुस्तकातून उचललेली नाही, कवीच्या रोजच्या वाटेवरची आहे. मराठी घरातून गेलेल्या माणसाने तेथे पंधरा मिनिटे तरी थांबावे. सकाळी गर्दी नसते.

तेथून किल्ला. येथे सर्वसाधारण प्रवासी पहिली चूक करतो. वाहन जाते ते पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने, म्हणून सगळे तिकडून जातात. पूर्वेची, जुन्या ग्वाल्हेर गावातून चढणारी वाट पायांची आहे आणि तीच खरी. गुडघे चालत असतील तर तीच धरावी. वाटेत एकामागून एक दरवाजे लागतात आणि चढ बेताचा आहे. या वाटेवर लक्ष्मण दरवाज्याच्या आसपास, एकाच खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज विष्णूचे मंदिर आहे. दहापैकी नऊ माणसे त्यावरून पुढे निघून जातात, कारण ते लहान आहे आणि फलकही लक्षात येण्याजोगा नाही. आत संवत् ९३३, म्हणजे सन ८७६ चा संस्कृत शिलालेख आहे. देवासाठी लावलेल्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, तसेच देवाला रोज ५० माळा, असा त्यात हिशेब आहे. या २७० मधील आणि ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाच्या रूपात स्वच्छ दिसते. आकड्यांत लिहिलेल्या शून्याच्या जगातील अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. कंबोडियातील शून्य त्याहूनही जुने, सन ६८३ चे. तेव्हा ''जगातील पहिले शून्य'' असे मुलांना ठोकून सांगू नये. आमच्या सहलीतील सातवीचा एक मुलगा, ज्याचे गणिताशी उभे वैर होते, त्या लेखापुढे किती तरी वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, ''सर, म्हणजे हे कोणी तरी फुलांचा हिशेब लिहिताना काढलंय?'' राजवाड्यात त्या मुलाने एकही प्रश्न विचारला नव्हता.

चढ संपला की हत्तीपोळ आणि त्याला लागूनच मानमंदिर. १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलेल्या राजा मानसिंह तोमराचा हा वाडा. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरश्यांचे हत्ती, बदकांच्या रांगा, केळीची झाडे आहेत. पाचशे वर्षांच्या उन्हातही तो निळा रंग फिकटला नाही. सकाळचे ऊन या पूर्वेकडील भिंतीवर पडते, म्हणूनही लवकर यावे. खाली तळघरांचे दोन मजले आहेत. वरती संगीताची दालने आणि तळाशी, पुढे मोगलांच्या काळात, राजबंद्यांच्या कोठड्या. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याचा वध १६६१ मध्ये याच किल्ल्यावर झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद हेही येथे कैदेत होते. त्यांच्या स्मरणार्थ किल्ल्यावर दाता बंदी छोड हा गुरुद्वारा आहे. तेथे थोडे टेकावे, लंगरातले अन्न नम्रपणे घ्यावे. भोजनाचा प्रश्न त्यातच सुटतो.

सास-बहू मंदिराच्या नावावर लोक हसतात. ते मूळचे सहस्रबाहूचे असावे, असे मानतात. महिपाल या कच्छपघात राजाच्या वेळचा तेथील शिलालेख १०९३ चा आहे. ज्याला कोरीव कामाची गोडी असेल त्याने आतल्या खांबांपाशी बसावे. तेली का मंदिर त्याहून जुने आणि किल्ल्यावरील सर्वांत उंच. त्याचा माथा उत्तरेतल्या शिखरासारखा निमुळता नाही. तो दक्षिणेच्या गोपुरासारखा लांबट व गोल आहे. बाहेरून प्रदक्षिणा घातली तरी पुरे.

किल्ल्याच्या कठड्याशी उभे राहून खाली तीन शहरे पाहता येतात. पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, मुरार, आणि १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली त्यातून वाढलेले लष्कर. येथे मुलांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. १७८० च्या ऑगस्टात पॉपहॅम नावाच्या इंग्रज कप्तानाने रात्री शिड्या लावून हा अजिंक्य म्हटला जाणारा किल्ला घेतला. पुढे तो महादजींकडे परत आला. १८५८ नंतर इंग्रजांनी तो पुन्हा दाबून ठेवला तो थेट १८८६ पर्यंत. त्या साली शिंद्यांना तो परत मिळाला आणि त्याच्या बदल्यात इंग्रजांनी त्यांच्याकडून जे शहर घेतले, त्याचे नाव झाशी.

अकराच्या सुमारास त्याच वाटेने उतरावे, म्हणजे पायथ्याच्या गुजरी महालातील संग्रहालय उघडलेले मिळते. मानसिंहाने मृगनयनीसाठी बांधलेल्या या महालात ते उभारण्याचे श्रेय संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांना आहे. १९२० मध्ये त्याची स्थापना झाली. आपल्यापैकी एका माणसाने केलेले हे काम आपल्यातच किती जणांना ठाऊक आहे? ग्यारसपूरची शालभंजिका येथेच आहे. मूर्ती लहान आहे आणि ती पाहू द्यावी म्हणून विनंती करावी लागली तर संकोच करू नये. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा, नाही तर दार बंद दिसते आणि दोष नशिबाला दिला जातो.

दुपारी हजिरा भागात तानसेनाची साधी कबर आणि त्याशेजारी महंमद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा पाहावा. चिंचेची पाने खाल्ल्याने गळा गोड होतो, हा समज गाणाऱ्यांत अजून टिकून आहे. याच शहरातील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले. पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य झाले. संगीताची आवड असणाऱ्याने येथून हलू नये, बाकीचे बेत खुशाल सोडावेत.

उरला जयविलास राजवाडा. १८७४ साली जयाजीरावांनी तो बांधविला. दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास वजनाची, आणि छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका. जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी मुलांना आवडते हे मी नाकारीत नाही. पण एकाच दिवसाचा प्रश्न असेल तर मी त्याला शेवटचे स्थान देतो. वेळ उरला तर जावे. न उरला तर लष्करात बाड्यावर फिरावे, हिवाळा असल्यास गजक घ्यावी आणि गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर असावे.

सहलीच्या दुसऱ्या वर्षी मुलांची संख्या जास्त होती आणि राजवाडा खरेच राहून गेला. स्टेशनवर चारपाच जणांनी तोंड फुगवून घेतले. गाडी सुटताना त्यांतल्या एकीने विचारले, ''सर, सकाळी समाधीपाशी तुम्ही काय पुटपुटत होतात?'' मी तिला तांब्यांची कविता म्हणून दाखविली. दोन कडवी झाल्यावर पुढची ओळ मला आठवेना. नानांना ती पूर्ण येत असे.