पावडर काढायची कशी?

चमचाभर टायटॅनियम डायऑक्साइड पडलं, की बीकरमधलं निळं पाणी गढूळ आकाशी होतं. निळा रंग मिथिलीन ब्ल्यूचा. प्रयोगशाळेत दूषित पाण्याचं सोंग बहुतेक वेळा तोच घेतो. बीकर लगेच उन्हात नेत नाहीत. आधी अर्धा तास अंधारात ढवळतात, कारण थोडा रंग पावडरीला नुसताच चिकटतो. त्याचं श्रेय उन्हाला कशाला द्यायचं?

मग गच्ची. भिंतीच्या रंगात असते तीच ही पांढरी पावडर, फक्त कण वीसेक नॅनोमीटरचे. अतिनील किरण पडले की कणातला इलेक्ट्रॉन उडतो, आणि मागे राहिलेल्या पोकळीमुळे पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा फडशा पाडतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं होतं. अडचण एवढीच, की उन्हात अतिनीलचा वाटा जेमतेम पाच टक्के.

थोड्या थोड्या वेळाने सिरिंजने नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला वाचायचा. फिरवणं टाळलं तर कण प्रकाश विखुरतात आणि यंत्र फसतं. शिवाय रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. रेणूचे बिनरंगी तुकडे उरलेले असू शकतात. म्हणून जाणकार एकूण सेंद्रिय कार्बनही मोजतात.

नमुन्यातली पावडर यंत्राने निघते. टाकीतली?

कापडातून, साध्या फिल्टर पेपरातूनही ती आरपार जाते. स्पेनमध्ये आल्मेरियाजवळ, ताबेर्नासच्या वाळवंटातल्या सौर संशोधन केंद्रात काचेच्या नळ्यांमागे वळणदार आरसे बसवून पाणी खेळवतात. पावडर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. जास्त घातली तर पुढचे कण मागच्यांचं ऊन अडवतात. काम झाल्यावर पाण्याचा सामू उदासीनच्या जवळ आणायचा. कणांवरचा विद्युतभार ओसरतो, गुठळ्या होतात, आणि काही तासांनी साका तळाशी बसतो.

याच भागात हरितगृहांची प्लास्टिकची छतं कोसच्या कोस पसरली आहेत. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या पुनर्वापरासाठी धुतात, तेव्हा ते विषारी पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न असतोच. इथल्याच ला मोखोनेरा गावात ते शुद्ध करणारा जो सौर प्रकल्प उभा राहिला, त्यात पावडर नव्हतीच. लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मात्र या पद्धतीत पाणी आधी आम्लधर्मी करावं लागतं, आणि शेवटी लोखंडाचा गाळ वेगळा काढावा लागतोच.