चौथा स्वार घोडे धरतो

घोड्यावर बसून ठासणीची बंदूक भरणं हे मोठं दिव्य होतं. एका हातात लगाम. दुसऱ्यानं नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायची. घोडा जरा बिचकला की दारू सांडलीच. म्हणून स्वारांसाठी आखूड कार्बाईन निघाली. वजन कमी झालं, पण ठासायची कटकट तशीच राहिली.

ती संपली मागून भरायच्या कार्बाईननं. अमेरिकी यादवी युद्धातली (१८६१–६५) शार्प्स घ्या. चापाभोवतीची कडी हीच तिची तरफ. कडी खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. उघड्या तोंडात कागदाचं किंवा कापडाचं काडतूस सरकवायचं. कडी मिटताना वर येणाऱ्या ठोकळ्याची धार काडतुसाचं शेपूट कापते, आतली दारू उघडी पडते. मग स्फोटक टोपी बसवायची, बंदुकीचा घोडा ओढायचा, चाप दाबायचा. मिनिटाला आठ-दहा बार सहज निघत. ठासणीवाला शिपाई तिनावर जाईना.

स्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे रुंद चामडी पट्टा, त्याला आकडा. बंदुकीच्या कुशीतली कडी त्यात अडकवली की दोन्ही हात सोडले तरी ती पडत नाही. घोड्यावर असताना नळीचं टोक खोगिरालगतच्या चामडी वाटीत खोचलेलं.

एवढं असूनही खरी लढाई बहुधा पायउतार होऊनच व्हायची, कारण हलत्या घोड्यावरून नेम कसा लागणार? १ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या लढाईत, गावाच्या पश्चिमेला उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ब्यूफर्डच्या स्वारांनी हेच केलं. पहिली गोळी लेफ्टनंट मार्सेलस जोन्सनं झाडली असं मानतात, तीही सार्जंटची कार्बाईन मागून घेऊन. या स्वारांकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर कार्बाईन होत्या असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते खरं नाही. बहुतेकांना प्रत्येक बारानंतर नवं काडतूस भरावं लागत होतं. तरी त्यांनी शत्रूच्या संख्येनं कितीतरी मोठ्या पायदळाला सकाळभर अडवून धरलं. दहाच्या सुमारास जनरल रेनॉल्ड्सचं पायदळ त्यांच्या मदतीला येऊन पोचलं.

पण पायउतार झाल्यावर दर चार स्वारांतले तीनच लढत. चौथा मागे उतारावर चार घोड्यांचे लगाम मुठीत धरून उभा. जनावरं उधळली तर पुढचे तिघे शत्रूसमोर पायी अडकले. डोक्यावरून गोळे जात असताना तो घोड्यांच्या माना थोपटत राही. त्याची स्वतःची कार्बाईन मात्र आकड्याला लटकलेली, न झाडलेली.