माणसे किती, नोंदी किती?

संख्याशास्त्र म्हणजे रुक्ष आकडेमोड, असा आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. माझाही होता. बडोद्याच्या आमच्या मेसमध्ये मी १० मित्रांच्या पोळ्या ७ दिवस मोजल्या, ७० नोंदींची सरासरी काढली आणि मोकळा झालो. सरांनी एवढेच विचारले, "तुझ्याकडे माणसे किती? सत्तर की दहा?"

रँडम इफेक्ट मॉडेलचे सारे मर्म या प्रश्नात आहे. नोंदींत दोन प्रकारचे फरक असतात. एक माणसामाणसांतला : कोणी मुळातच तीन पोळ्या खातो, कोणी आठ. दुसरा त्याच माणसाचा रोजचा चढउतार. समजा, पहिल्याचा व्हेरिअन्स ३ व दुसऱ्याचा १ आहे. ७० स्वतंत्र माणसे धरली तर सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.२४ येते, खरी ०.५६ असते. माझी खात्री दुपटीहून अधिक फुगलेली होती!

'आर' या मोफत सॉफ्टवेअरमधील 'एलएमई४' पॅकेज हे फरक वेगळे करते. सूत्र रोमन लिपीत टंकायचे, पण त्याचा थाट असा : पोळ्या ~ १ + (१ | विद्यार्थी). उभ्या रेघेपुढे गटाचे नाव येते. उत्तरात दोन व्हेरिअन्स मिळतात : 'विद्यार्थी' आणि उरलेला 'रेसिड्युअल'. पहिला शून्य येऊन 'सिंग्युलर' असा इशारा मिळाला, तर माणसामाणसांत फरकच नाही असे समजू नये. तो दिसण्याइतकी माहिती कदाचित आपल्यापाशी नसेल.

ही वाटणी केवळ परीक्षेपुरती नाही. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना दरडोई रोज २२५० कॅलरींचा निकष धरला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे निराळे होते. निरोगी माणसाची गरजही कमीजास्त होते आणि आजचा चढउतार कालच्याशी बांधलेला असतो. म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येकजण कुपोषित नव्हे, रेषा बरीच खाली हवी. रेषा उतरली की उपाशी माणसांची संख्याही उतरते! दांडेकरांनी यास हरकत घेतली आणि १९८० च्या सुमारास मोठा वाद झाला.

आपले वरचे सूत्र मात्र एकाच माणसाच्या रोजच्या चढउतारांना परस्परांपासून स्वतंत्र मानते. कालचा आजशी संबंध जोडायचा तर 'एनएलएमई' हे दुसरे पॅकेज घेता येते. कोणते गृहीत धरायचे हे संगणक आपल्याला विचारीत नाही. एखादा कमी खातो तो भूक नाही म्हणून की पैसे नाहीत म्हणून, हेही त्याला कळत नाही. ते आपणच पानावर बसलेल्या माणसाला विचारले पाहिजे.