कालच्यासारखं पितंय का?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूरकडच्या गावात ओल्या बाळंतिणीच्या घरी आशाताई, म्हणजे गावची 'आशा' स्वयंसेविका, येते, तेव्हा तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या भेटी ठरलेल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. वजन-ताप ती बघतेच, पण खरे कामाचे प्रश्न आईसाठी असतात. रडणं क्षीण झालंय का? कालच्यासारखं पितंय का? अंग ढिलं तर पडलं नाही ना?

या प्रश्नांमागची पद्धत वैनगंगेच्याच खोऱ्यातली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळ पाहायला आणि उपचार द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 पासून घरपोच नवजात सेवा देशभर आशांकडे आली.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ मेंदूच्या बुंध्यातून राखला जातो. जंतुसंसर्गात नवजाताला ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडू शकतं. पिणं मात्र आधी मंदावतं. म्हणजे बाळाचं वागणं हीच त्याच्या मज्जासंस्थेची खबर.

डॉक्टर आणखी खोलात जातात. डोकं किंचित मागे सोडलं की बाळ दचकून दोन्ही हात फाकतं आणि जवळ घेतं. एकच हात उचलला, तर खांद्याच्या नसांना इजा झाल्याची शंका येते. पण तपासणीची वेळ साधावी लागते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी 1973 च्या आपल्या चाचणीत गाढ झोपेपासून जोरात रडण्यापर्यंत बाळाच्या सहा अवस्था मांडल्या आणि त्याच्या उत्तम प्रतिसादालाच गुण दिले. गर्दीच्या ओपीडीत भुकेलं बाळ चिडकं दिसतं, नुकतं प्यायलेलं सुस्त. झोपेतल्या हसण्याचं श्रेय आपण सटवाईला देतो, ते हलक्या झोपेतलं असतं.

आणि स्वभाव? 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. काही बाळं मुळातच चटकन बिथरणारी निघाली. आपल्याकडे मात्र बाळ रडकं निघालं की आधी आईच्या दुधावर बोट ठेवतात. माझ्या मते हा निव्वळ अन्याय आहे.

भंडारा आणि नवजात म्हटलं की 9 जानेवारी 2021 ची जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातली आग आठवते; दहा बाळं गेली. अशा कक्षांतून वाचून घरी येणाऱ्यांकडे, कमी दिवसांच्या, जन्मताच न रडलेल्या बाळांकडे, पुढे महिनोन् महिने लक्ष लागतं. पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण तिसऱ्या महिन्यात मान-मनगटांची सतत बारीक चुळबुळ दिसते. ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. ऑस्ट्रियात काम केलेल्या प्रेख्टल यांची ही पद्धत, आणि तिला साधा मोबाइल पुरतो. बाळ जागं, शांत, उताणं हवं. हातात खुळखुळा नको, वरून बोलणं नको. दोन-तीन मिनिटांचा तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून उपयोग नाही. ही पद्धत शिकलेल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला दाखवायचा.